गाडीला तासाला लावताना: स्वतः चालणारी छोटी गाडी बनवायची आणि शिकवायची कशी

शाळेच्या मैदानात चुन्याने आखलेल्या रस्त्यावर आमची हातभर लांबीची गाडी पहिल्यांदा स्वतःहून फिरली तेव्हा पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सलग अकरा फेऱ्या झाल्या. मग शिपाईमामांनी कोपऱ्यावरचा पाण्याचा निळा ड्रम उचलून निंबाच्या सावलीत नेऊन ठेवला, आणि बाराव्या फेरीला गाडी त्या वळणावर वळलीच नाही. सरळ कुंपणात शिरली. चुन्याची रेघ होती तिथेच होती, पण गाडी ती रेघ कधी शिकलीच नव्हती. निळं दिसलं की डावीकडे, एवढंच तिने उचललं होतं.

स्वतः चालणारी गाडी शिकते म्हणजे काय करते, हे मला त्या दुपारी उमगलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावलचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. यावल, सावदा, रावेर हा सगळा केळीचा पट्टा विहिरी आणि बोअरवेलच्या जिवावर उभा, त्यामुळे जळालेल्या सबमर्सिबलची तार काढायची आणि नवी भरायची यातच आजवरची वर्षं गेली. तीन-चार वर्षांपासून दुकानापुढे ई-रिक्षा उभ्या राहू लागल्या. त्यांचे कंट्रोलर उघडताना इंजिनीअरिंगला असलेल्या पुतण्याशी बोलणं व्हायचं, आणि त्यातूनच नववीच्या बारा मुलामुलींना घेऊन दर रविवारी हा उद्योग सुरू झाला. तुम्ही शिक्षक असाल, आयटीआयला असाल किंवा घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणारं पोर असेल, तर तुम्हालाही हे करता यावं म्हणून सगळं बैजवार लिहितो. मोठ्या गाडीत जे घडतं त्याचा गाभा या छोट्या गाडीत जसाच्या तसा सापडतो.

सामान

रिमोटवर चालणारी, सर्वोने, म्हणजे सांगाल तेवढ्याच कोनात वळणाऱ्या छोट्या मोटारीने, स्टिअरिंग वळणारी गाडी घ्या. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची असली तर वर सामान ठेवायला जागा मिळते. जत्रेतली, बटण दाबलं की चाक पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे आपटणारी गाडी चालणार नाही. तिला थोडंसं वळणं माहीतच नसतं, आणि आपल्याला नेमकं तेच शिकवायचं आहे.

त्यावर एक रास्पबेरी पाय बसवायचा, म्हणजे तळहाताएवढा संगणक. आम्ही पाय ४ वापरला, आणि पुढे नुसतं ‘पाय’ म्हणतो तो हाच. एक रुंद कोनाचा कॅमेरा, सर्वोला आणि स्पीड कंट्रोलरला इशारे देणारा पीसीए ९६८५ नावाचा छोटा बोर्ड, मेमरी कार्ड, पॉवर बँक आणि चालवायला गेमचा कंट्रोलर. सगळं मिळून आम्हाला पंधरा हजारांच्या आत पडलं. सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘डाँकी कार’ नावाचा खुला प्रकल्प आहे, त्यात गाडी चालवणं, चित्रं साठवणं आणि शिकवणं हे सगळं तयार मिळतं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक जण याच ठिकाणी अडकतात. मोटारीची बॅटरी आणि पायची वीज वेगळी ठेवा. मोटार जागेवरून उठताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि तेवढ्या क्षणापुरतं व्होल्टेज खाली बसतं. विहिरीवर मोटार सुरू झाली की घरातला बल्ब कसा मिचकतो, तसंच. एकाच बॅटरीवर दोन्ही घेतलं तर प्रत्येक वेळी गाडी निघताना पाय बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि पोरं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. वीज वेगळी, ग्राउंड म्हणजे उणे टोकाची तार मात्र एकच जोडायची. ग्राउंड जोडलं नाही तर सर्वोला इशारा कशाच्या तुलनेत मोजायचा ते कळत नाही आणि चाक थरथरत राहतं.

सर्वोचा इशारा समजून घ्या. सेकंदाला ५० वेळा एक ठोका जातो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर चाक सरळ, एककडे सरकला तर एका बाजूला, दोनकडे सरकला तर दुसऱ्या बाजूला. प्रत्येक गाडीचा मध्य थोडा इकडेतिकडे असतो. आमची गाडी ‘सरळ’ सांगितलं तरी उजवीकडे ओढायची. तो मध्य आधी नीट लावा. तो चुकलेला राहिला तर गाडी तुमची दुरुस्तीसुद्धा रस्त्याचा भाग समजून शिकेल.

रस्ता

आम्हाला वाटलं, गावचं सामान वापरावं. केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या काढल्या आणि मातीवर दोन्ही कडांना अंथरल्या. दिसायला फार सुंदर. कॅमेऱ्यातून पाहिलं तर माती तपकिरी, सोपटही तपकिरी. आपल्या डोळ्याला जो पोत दिसतो तो इतक्या लहान चित्रात पुसूनच जातो. कॅमेऱ्याचं चित्र १६० बाय १२० ठिपक्यांचं असतं. तुमच्या मोबाईलच्या फोटोपुढे ते पोस्टाच्या तिकिटाएवढंही नाही. म्हणून आधी चित्र संगणकावर उघडून बघा. तुम्हालाच रस्ता ओळखू येत नसेल तर गाडीला कुठून येणार?

मग चुन्याची फक्की आणली. दोन रेघा, मध्ये सव्वा हात अंतर, एक लांबट गोल आणि त्याला एक उलटं वळण. हे उलटं वळण विसरू नका. नुसता गोल आखला तर गाडी एकाच बाजूला वळायला शिकते. खळ्यात तिवड्याभोवती फिरणारा बैल बाहेर आल्यावरही त्याच बाजूला ओढतो, तसं होतं. आमच्या एका फेरीला वीसेक सेकंद लागायची.

फेऱ्या आणि टब

आता गाडी तुम्ही चालवायची. तुम्ही चालवत असताना पाय सेकंदाला २० वेळा एक जोडी लिहून ठेवतो: हे चित्र, आणि या चित्राच्या वेळी चालवणाऱ्याने स्टिअरिंग किती वळवलं. पूर्ण डावीकडे म्हणजे उणे एक, सरळ म्हणजे शून्य, पूर्ण उजवीकडे म्हणजे अधिक एक. डाँकी कारमध्ये या साठ्याला टब म्हणतात. वीस सेकंदांच्या फेरीत ४०० जोड्या जमतात आणि २५ फेऱ्यांत १०,०००. सुरुवातीला एवढं पुरे.

वेग एकसारखा ठेवा आणि फक्त वळणं शिकवा. दोन सेलची लिथियम बॅटरी भरलेली असताना ८.४ व्होल्ट असतात, उतरता उतरता ७.४ च्या आसपास येतात, आणि त्याच थ्रॉटलला, म्हणजे वेगाच्या हुकमाला, गाडी मंद होते. आम्ही दर दहा फेऱ्यांनी मीटर लावून वहीत व्होल्टेज लिहायचो. ही सवय मुलांना लागली याचा मला वेगळाच आनंद आहे.

कोण चालवतं यालाही महत्त्व आहे. आमच्यातला एक मुलगा भन्नाट चालवायचा, पण वळण आलं की शेवटच्या क्षणी झटका द्यायचा. एक मुलगी सावकाश, आधीपासून थोडंथोडं वळवत न्यायची. दोघांच्या फेऱ्या एकत्र शिकवल्या तेव्हा गाडी गोंधळली. एकाच चित्राला एकाचं उत्तर शून्य आणि दुसरीचं अर्धा, तेव्हा गाडी दोघांच्या मधलं काहीतरी उत्तर देते, आणि ते मधलं उत्तर दोघांपैकी कोणाच्याच पद्धतीत बसत नाही. एका टबात एकाच हाताची चाल ठेवा.

आत काय होतं

टब भरला की तो लॅपटॉपवर किंवा गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या गुगलच्या संगणकावर, न्यायचा आणि शिकवायला लावायचं. तिथे फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरवर आमचं काम वीसेक मिनिटांत झालं. पण त्या वीस मिनिटांत नेमकं काय घडतं हे मुलांना कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

चित्र म्हणजे आकडे. १६० गुणिले १२० म्हणजे १९,२०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. एकूण ५७,६००. इतके आकडे आत जातात आणि बाहेर एकच आकडा येतो: चाक किती वळवायचं.

मधे चाळण्यांचं एक जाळं असतं, न्यूरल नेटवर्क म्हणतात ते. फळ्यावर आम्ही एका ओळीतले सहा ठिपके लिहिले: ४०, ४०, ४०, २००, २००, २००. चाळीस म्हणजे माती, दोनशे म्हणजे चुना. आता तीन आकड्यांची चाळणी घेतली: उणे एक, शून्य, एक. ती डावीकडून सरकवत न्यायची. प्रत्येक ठिकाणी खालच्या आकड्याला वरच्याने गुणायचं आणि बेरीज करायची. पहिल्या तीन चाळिसांवर उत्तर शून्य. एक घर सरकलं की ४०, ४०, २०० येतात, उत्तर १६०. आणखी एक घर, पुन्हा १६०. शेवटच्या तीन दोनशेंवर परत शून्य. म्हणजे जिथे माती संपून चुना सुरू होतो तिथेच चाळणी ओरडते, बाकी ठिकाणी गप्प. कड सापडली! फळ्यापुढे खडू घेऊन उभ्या असलेल्या मुलीने हे स्वतः करून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

खऱ्या जाळ्यात चाळण्या तीन बाय तीन किंवा पाच बाय पाचच्या असतात, अनेक असतात आणि थरावर थर रचलेले असतात. पहिला थर कडा शोधतो, पुढचे थर कडांपासून वळण, वळणापासून रस्त्याचा आकार असं जुळवत जातात. महत्त्वाचं हे की चाळणीतले आकडे आपण भरत नाही. सुरुवातीला ते कसेही असतात. गाडी एक चित्र बघून म्हणते ०.२. तुम्ही त्या चित्राला ०.५ वळवलं होतं. चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. आता उलट्या वाटेने मागे जात हिशेब होतो की या चुकीत कोणत्या आकड्याचा किती वाटा आहे, आणि ज्याचा जितका वाटा तितका तो आकडा जरासा हलवला जातो. पुढचं चित्र, पुन्हा तसंच. सगळा टब एकदा फिरला की एक आवर्तन, आणि अशी कित्येक आवर्तनं.

‘जरासा’ हा शब्द इथे मोलाचा आहे. जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर लावताना स्क्रू पाव आटा फिरवतो, ऐकतो, पुन्हा पाव आटा फिरवतो. एकदम दोन आटे फिरवले तर इंजिन बंद पडतं आणि कुठे होतो तेच कळत नाही. शिकण्याचा वेग म्हणून जो आकडा प्रोग्राममध्ये द्यायचा असतो, तो म्हणजे एका वेळी किती आटा फिरवायचा एवढंच.

निळ्या ड्रमचं कोडंही इथेच सुटतं. जाळ्याला रस्ता म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नसतं. चूक कमी करायची एवढंच त्याला ठाऊक. आमच्या प्रत्येक फेरीत त्या वळणावर ड्रम होता, आणि मातीतली फिकट रेघ धरण्यापेक्षा ठसठशीत निळा रंग धरणं सोपं होतं. त्याने सोपं धरलं. उपाय दोन. चित्राचा वरचा भाग, जिथे झाडं, कुंपण आणि बघ्या पोरांचे पाय येतात, तो कापून टाका. आणि मग एक तपासणी करा: एखादं चित्र घेऊन त्यावर काळा चौकोन ठेवा, तो जागोजागी सरकवत गाडीचं उत्तर बघा. ड्रम झाकल्यावर उत्तर बदललं, तर गाडी ड्रम बघते. रेघ झाकल्यावर बदललं, तर रेघ बघते. आम्ही ड्रम, दप्तरं, सायकली सगळं दर पाच फेऱ्यांनी हलवायला लागलो.

सावरणं शिकवा

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

ड्रम गेला, रेघ शिकली, तरी गाडी तिसऱ्या-चौथ्या फेरीला बाहेर जायची. हळूहळू जायची. आधी बोटभर कडेला, मग चार बोटं, मग गेलीच. मुलांनी अजून फेऱ्या जमवल्या, अजून सफाईने चालवल्या. गाडी आणखी लवकर बाहेर जाऊ लागली.

मला तेव्हा आमचे आबा आठवले. गोऱ्हा तासाला, म्हणजे नांगराच्या सरळ रेघेत चालायला, लावायचा तर आधी जाणत्या बैलाशी जुंपतात. जाणता बैल तास सोडत नाही, गोऱ्हा त्याच्या खांद्याबरोबर चालतो. बघणाऱ्याला वाटतं शिकला. पण आबा तिसऱ्या दिवशी मुद्दाम कासरा सैल सोडायचे. गोऱ्हा तासाबाहेर जायचा, आणि मग त्याला कासऱ्याने हलकेच परत आत घ्यायचे. दहादा, वीसदा. मी लहान होतो, विचारायचो की नीट चालतोय तर बाहेर कशाला जाऊ देता. आबा म्हणायचे, बाहेर गेल्याशिवाय आत यायचं त्याला कसं कळेल?

आमच्या टबात गाडी कडेला गेल्याचं एकही चित्र नव्हतं. जितकं सफाईने चालवलं तितकी ती चित्रं कमी. त्यामुळे वाऱ्याने, खड्याने, बॅटरीने गाडी जराशी सरकली की ती अशा जागी पोचायची जिथे तिला काहीच माहीत नाही. तिथे ती आणखी चुकायची, आणि एक चूक दुसरीला हाताशी धरून न्यायची.

करायचं असं. नोंद बंद ठेवून गाडी कडेला न्या, तोंड थोडं बाहेरच्या बाजूला. आता नोंद सुरू करा आणि गाडी हळूच मधोमध आणा. नोंद बंद. पुन्हा दुसऱ्या जागी. बाहेर नेतानाची नोंद होऊ द्यायची नाही, नाहीतर ती बाहेर जायलाही शिकेल. आमच्याकडून हे एकदा झालं आणि तो सगळा टब टाकून द्यावा लागला. प्रत्येक वळणावर, दोन्ही कडांना, असं सावरणं भरा. आमच्या टबात शेवटी पाचातला एक भाग सावरण्याचा होता. त्यानंतर मुलांनी चालत्या गाडीला पायाने हलकं ढकललं, तर ती डुलली आणि परत मधोमध आली. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत, सगळे गप्प बघत राहिले.

हीच अडचण या विषयातल्या मोठ्या माणसांना आली होती. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी १९८९ साली अल्व्हिन नावाचं जाळं मांडलं. त्याचं चित्र ३० बाय ३२ ठिपक्यांचं होतं, आमच्या कॅमेऱ्याच्याही किती खाली! माणूस चांगलं चालवतो म्हणून चुकीची चित्रं मिळत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि संगणकात चित्रच बाजूला सरकवून, गाडी कडेला गेली असती तर कसं दिसलं असतं आणि किती वळवावं लागलं असतं, अशी जोडी बनवली. १९९५ मध्ये त्यांनी आणि टॉड जोकेम यांनी पिट्सबर्गहून सॅन डिएगोपर्यंत गाडी नेली. वाटेतलं ९८.२ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाच्या हाती होतं. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक माणसाच्या पायाखाली. २०१६ साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या मंडळींनी खऱ्या गाडीवर तीन कॅमेरे लावले: मधला, डावा, उजवा. डाव्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते डावीकडे सरकलेल्या गाडीला दिसेल तसं असतं, म्हणून त्या चित्राला थोडं उजवीकडे वळण्याचं उत्तर जोडलं. म्हणजे सावरणं फुकटात मिळालं. ७२ तासांच्या चालवण्यावर नऊ थरांचं जाळं शिकलं. सैल कासऱ्याचीच ही तीन रूपं.

परीक्षा

शिकवलेल्यातलीच चित्रं विचारून परीक्षा घेऊ नका. थोडा भाग राखून ठेवायचा आणि शिकवताना दाखवायचाच नाही. प्रोग्राम हे आपोआप करतो, पण टबातली चित्रं कशीही उचलून करतो, आणि तिथे फसगत आहे. सेकंदाला २० चित्रं निघतात, म्हणजे शेजारशेजारची दोन चित्रं जवळजवळ सारखीच. एक शिकवलं आणि शेजारचं परीक्षेला ठेवलं तर ते प्रश्नपत्रिका फोडल्यासारखं झालं. आम्ही एका रविवारच्या सगळ्या फेऱ्या वेगळ्या काढल्या आणि त्यावर परीक्षा घेतली. आधी शिकवण्यातली आणि परीक्षेतली चूक सारखीच दिसत होती, आता परीक्षेतली चूक कितीतरी मोठी निघाली. वाईट वाटलं, पण खरं कळलं.

सगळ्या फेऱ्या सकाळी आठला मारल्या होत्या. दुपारी चारला निंबाची सावली रस्त्यावर आडवी पडली की गाडी सावलीच्या कडेला रेघ समजायची. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ, ढगाळ दिवस असं सगळं भरा. जोडीला प्रत्येक चित्र आरशातल्यासारखं उलटं करून, स्टिअरिंगचं चिन्ह बदलून पुन्हा द्या. डावी-उजवी वळणं समान होतात आणि टब दुप्पट होतो. उजेड कमीजास्त केलेल्या प्रतीही द्या.

मे महिन्यात एक वेगळंच संकट आलं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला ४५ अंश म्हणजे नवल नाही. पाय ८० अंशांच्या वर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. चित्र बघून उत्तर द्यायला उशीर होऊ लागला आणि गाडी प्रत्येक वळण उशिरा घेऊ लागली. छोटा पंखा बसवला आणि काम सकाळी साडेसहाला हलवलं.

मोठ्या गाडीत आणखी काय

उशीर म्हणजे काय ते मोठ्या गाडीच्या हिशेबात बघा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. विचार करायला एक दशांश सेकंद जास्त लागला तर तेवढ्यात १.७ मीटर अंतर कापलेलं असतं.

म्हणून तिथे एका कॅमेऱ्यावर भागत नाही. लायडार लेसरचा ठोका सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. ३० मीटरवरच्या ट्रॉलीवरून ठोका २०० नॅनोसेकंदांत परत येतो. रडार धुक्यातून आणि धुळीतून बघतं आणि समोरचं वाहन किती वेगाने जवळ येतंय ते थेट सांगतं, पण त्याला आकार नीट कळत नाही. कॅमेऱ्याला रंग, पाटी, सिग्नल कळतात, पण तो अंधारात लुळा पडतो. तिघांचं म्हणणं जुळवून आजूबाजूला काय आहे ते ठरवायचं, पुढच्या काही सेकंदांत कोण कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा, आपली वाट ठरवायची आणि मग चाक, मोटार, ब्रेक यांना हुकूम द्यायचा. यातल्या बऱ्याच पायऱ्यांत आता शिकलेली जाळी असतात. कंपन्या खोट्या, संगणकातल्या रस्त्यांवरही गाड्या चालवून घेतात, कारण काही प्रसंग खऱ्या रस्त्यावर मुद्दाम घडवता येत नाहीत.

विजेवरच चालली पाहिजे असं मात्र नाही. २००४ साली मोहावी वाळवंटात अमेरिकन संरक्षण संस्था दार्पाने शर्यत ठेवली तेव्हा एकही गाडी पोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली १२ किलोमीटरही पार करू शकली नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची स्टॅन्ली जिंकली. ती डिझेलची फोक्सवॅगन होती. पण माझ्यासारख्या मोटारवाल्याला विजेची गाडी या कामाला का सोयीची, ते हातात कळतं. मोटारीत करंट दिला की त्याच क्षणी तेवढा जोर मिळतो, आणि करंट उलटवला की तीच मोटार ब्रेक होते आणि बॅटरीत वीज परत घालते. ई-रिक्षाची बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली, मोटार उघडली तर आत चुंबक ओळखणारे तीन हॉल सेन्सर दिसतील. रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सतत सांगणारे. म्हणजे चाक किती फिरलं हे गाडीला आधीपासूनच ठाऊक असतं. इंजिन, क्लच, गिअर यांना समजावत बसण्यापेक्षा संगणकाला हे फार सोपं जातं.

आणि रस्ते? त्यांचंही तेच, जे दाखवाल ते शिकेल. युरोपातल्या आखीव रस्त्यांवर शिकलेल्या जाळ्याला आपली रिक्षा म्हणजे काय ते कळणार नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने यासाठी आपल्या रस्त्यांवरची १०,००० चित्रं खुली केली आहेत, १८२ प्रवासांत टिपलेली, ३४ प्रकारांत ठिपका-ठिपका ओळखून लावलेली. त्यात ऑटोरिक्षा वेगळी, जनावरं वेगळी, आणि डांबराच्या कडेची, वेळ पडली तर उतरता येईल अशी कच्ची जागाही वेगळी. पण ती चित्रं मुख्यतः हैदराबाद-बंगळुरू भागातली. तिन्हीसांजेला मागे दिवा नसलेली, केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली. कपाशी भरून दोन्ही बाजूंनी फुगलेलं वाहन. पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर आलेले झुली घातलेले बैल. ही चित्रं खान्देशातूनच जायला हवीत, आणि ती जमवणारी पोरं इथे आहेत, असं मला मनापासून वाटतं.

शेळी

शेवटचा धडा आम्हाला एका शेळीने दिला. गाडी छान फिरत असताना ती रस्त्यात येऊन उभी राहिली आणि गाडी तिच्या पायावर जाऊन आदळली. वेग कमी होता, तिला काही झालं नाही. मुलं म्हणाली, काका, हिला शेळी दिसली नाही का? दिसली होती. चित्रात ठळक होती. पण थांबणं तिला कोणी दाखवलंच नव्हतं, आम्ही थ्रॉटल एकसारखा ठेवला होता.

त्या रविवारी मी मुलांना २०१८ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात झालेला अपघात सांगितला. चाचणीवरच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण ती त्यांना कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही समजत राहिली, आणि समजूत बदलली की आधीची वाटचाल विसरून नव्याने अंदाज बांधत राहिली. झेब्रा नसलेल्या जागी माणूस चालत रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या यंत्रणेत धरलेली नव्हती. गाडीत देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचंही लक्ष रस्त्यावर नव्हतं. त्या बाई गेल्या. मुलं बराच वेळ बोलली नाहीत.

आता आमचा नवा टब थांबण्याचा आहे. खोक्याची शेळी, खरी शेळी, उभा मुलगा, बसलेला मुलगा, अंतर बदलून, उजेड बदलून. थ्रॉटलही नोंदवायचा, आणि दरवेळी दोन हात आधी थांबायचं. कितीही शिकली तरी एका मुलाच्या हातात बंद करण्याचं बटण राहतं, आणि त्याने गाडीवरची नजर हलवायची नाही. हे काम पाळीपाळीने दहा-दहा मिनिटांचं ठेवा, त्यापुढे लक्ष टिकत नाही.

काम संपलं की मोटारीची बॅटरी भरलेली किंवा रिकामी ठेवू नका. दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून, उन्हापासून दूर, मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जरला लावायची नाही. आणि टबवर तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि चालवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आमच्या पहिल्या टबवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि निळा ड्रम शोधायला आम्हाला तीन रविवार लागले.